उजेडात धरलेली पाकिटं

जबलपूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहिलेलं तुला चालत नाही, म्हणून हे पत्र. लहानपणी रांझीच्या क्वार्टरमध्ये तू माझ्याकडून बाराखडी गिरवून घेतलीस, त्यानंतर मराठीत एवढं पहिल्यांदाच लिहिते आहे. चुका काढत बसू नकोस, मी आज फार चिडलेली आहे.

तू जूनमध्ये रिटायर झालीस, तुझ्या विपुलकडे यवतमाळला गेलीस आणि सुटलीस. मी अजून त्याच नवजात आयसीयूत आहे. तेच बारा वॉर्मर, तोच मधूनच बंद पडणारा एसी आणि विभागप्रमुखाच्या खुर्चीत तेच भय्यासाहेब. आपला अभ्यास तुला ठाऊक आहे, तरी मी तो पुन्हा मांडते, कारण मांडल्याशिवाय माझा राग मलाच नीट कळत नाही.

वर्षानुवर्षं आपण काय करत आलो? बाळाला श्वास जमेना की तोंडात लोखंडी पातं सरकवायचं, जीभ उचलायची आणि श्वासनलिकेत नळी घालायची. मोठ्या माणसाला हे करण्याआधी गुंगी देतात. बाळाला काहीच नाही, डोकं घट्ट धरायचं आणि घालायची. हे बंद व्हावं म्हणून मी दीड वर्ष कागद फिरवले आणि गेल्या एप्रिलमध्ये, तू इनचार्ज असतानाच, काम सुरू झालं. ऐंशी बाळं. नळीच्या आधी निम्म्यांना फेंटानिल, निम्म्यांना केटामाइन. कोणाला कोणतं ते चिठ्ठी ठरवणार. मी नाही, तू नाही. एक ते ऐंशी नंबरची बंद पाकिटं तुझ्याच त्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. आईवडिलांनी सही केली की सिस्टर वरचं पाकीट उघडणार, पडद्यामागे औषध भरणार आणि सिरिंजवर फक्त नंबर टाकणार. आत काय आहे ते डॉक्टरला कळायचं नाही.

मला केटामाइन जिंकायला हवं होतं, हे तुझ्यापाशी कबूल करते. फेंटानिल परवान्याचं, कुलुपातलं औषध. कुंडमकडच्या लहान दवाखान्यांत ते मिळत नाही, केटामाइन मिळतं. तिथून बाळ इकडे पाठवण्याआधी कधी कधी नळी तिथेच घालावी लागते. ते डॉक्टर मला फोनवर विचारतात, "मॅडम, पहले कुछ दे दें क्या?" त्यांना "हो, केटामाइन द्या" हे मला छातीठोक सांगायचं होतं.

अर्ध्यावर एकदा तपासायचं ठरलं होतं. एक्केचाळीस बाळं झाली तेव्हा सचिनने, म्हणजे नागपूरच्या माझ्या आकडेमोडवाल्या मित्राने, यादी उघडली. केटामाइन मिळालेल्या एकवीस बाळांपैकी सहा गेली. फेंटानिलच्या वीसपैकी एक. नाडी पडणं, ऑक्सिजन उतरणं, सगळ्यातच केटामाइन वाईट.

भय्यासाहेबांना सांगितलं तर खुर्चीत रेलून म्हणाले, "देखो अवंतिका, कुंडमले जे औषध भेटते ते खराब, अन् जे चांगलं ते भेटत नाही. मग जुनं काय वाईट होतं? इतने से बच्चे को क्या याद रहने वाला है?" बारा मार्चला हॉस्पिटलच्या कमिटीची बैठक आहे. तिथे ते हेच बोलतील आणि सगळे माना डोलावतील. दोन वर्षं राबून मी बाळांना परत जिथल्या तिथे नेऊन ठेवणार. विचार केला की टेबल उलटवावंसं वाटतं.

तुझा नियम मात्र वॉर्डात चालू आहे. अँप्युल उजेडात धरून बघितल्याशिवाय कोणी फोडत नाही. तुझी शेवटच्या महिन्यातली शिष्या, रोशनी, तर सलाईनची बाटलीसुद्धा ओवाळल्यासारखी ट्यूबलाइटसमोर फिरवते.

उत्तर लवकर दे.

तुझी,
अवंती

---

यवतमाळ,
१९ जानेवारी २०२५

अवंते,

आशीर्वाद तुला आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहायला नकोत. चुका काढल्या नाहीत. अक्षर मात्र डॉक्टरचं झालंय, विपुलची बायको आणि मी दोघी मिळून वाचत होतो.

इथे माझं बरं चाललंय. ऐकू येत नसल्याने सगळे माझ्याशी कमी बोलतात आणि मी कोणाचं ऐकत नाही म्हणून त्यांना तक्रार करता येत नाही. हातांना काम नाही, ते मात्र जड जातं.

भय्यासाहेबांचं मनाला लावून घेऊ नकोस. ते शिकाऊ डॉक्टर होते तेव्हापासून मी त्यांना ओळखते. त्यांचा हात हलका होता, पण नळी घालताना डॉक्टरला फक्त घसा दिसतो. चेहरा दिसतो सिस्टरला, कारण डोकं तिने धरलेलं असतं. एकतीस वर्षं मी डोकी धरली. कपाळावर आठी पडते, डोळे घट्ट मिटतात, तोंड उघडतं आणि आवाज येत नाही, कारण आवाजाच्या वाटेत नळी असते. बाळाला आठवत नसेल. मला आठवतं.

म्हणून तू हे काम काढलंस तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्या घरात कौतुक पाठीमागेच करायची पद्धत आहे.

एक विचारते. केटामाइनवाल्या बाळांची वजनं बघितलीस का? कोण किती महिन्यांचं जन्मलेलं, कोण आधीच किती खालावलेलं होतं? नुसतं विचारते. केटामाइनला दोष द्यायची घाई करू नकोस.

स्वेटर पाठवते आहे. जबलपूरची थंडी जाताना जास्त त्रास देते.

तुझी आत्या

---

जबलपूर,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

स्वेटर मिळाला. बाह्या मोठ्या आहेत, पण ऊब आहे. आता बस आणि मगच पुढचं वाच.

तू सांगितलंस म्हणून वजनं काढली. केटामाइनच्या एकवीसपैकी सोळा बाळं बाराशे ग्रॅमच्या आतली. फेंटानिलच्या वीसपैकी फक्त तीन. चिठ्ठीने असं होत नाही. सचिनला कळवलं तर तो म्हणाला, "हे नशीब नाही. तुझी पाकिटं कोणीतरी आधी बघतंय."

मी कपाटातून वापरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि तारखांप्रमाणे जमिनीवर मांडल्या. चौदा नंबर बारा नंबरच्या आधी. तेवीस, सव्वीसच्या नंतर. अशी पंधरा पाकिटं क्रम सोडून वापरलेली. सरळ दिसतंय काय झालं ते: नाजूक बाळ आलं, वरच्या पाकिटात फेंटानिल होतं, तर ते मागे सारलं आणि केटामाइनचं पुढे घेतलं. मागे सारलेलं मग एखाद्या धडधाकट बाळाला. चिकटवण कुठेच फाटलेलं नाही, म्हणजे न उघडता बघितलं. दर आठवड्याला चिठ्ठ्या मीच मोजत होते. मोजत होते, क्रम बघत नव्हते. माझ्यासारखी मूर्ख मीच.

म्हणजे केटामाइन वाईट आहे की नाही ते मला माहीतच नाही. मरायला टेकलेली बाळं निवडून निवडून एका औषधाच्या पदरात टाकली, आणि मी म्हणतेय औषधाने मारलं.

ड्यूटीचं रजिस्टर काढलं. मागच्या सहा महिन्यांतली जी नऊ पाकिटं क्रमाबाहेर आहेत, त्या नऊही वेळा रोशनी ड्यूटीवर होती. तिला खोलीत बोलावलं. आल्या आल्या रडायला लागली. "दीदी, मैंने किसी का बुरा नहीं किया." मी विचारलं, पाकिटं बघितलीस की नाही? "देखी थीं." कोणी सांगितलं? तर ओढणीचं टोक तोंडात धरून उभी. अर्धा तास मी डोकं आपटलं. काहून केलंस, कोणाच्या सांगण्यावरून केलंस, काहीच नाही.

मी लेखी तक्रार केली. तिला आयसीयूतून काढून ओपीडीत इंजेक्शनच्या खोलीत टाकलं आहे. तिची नोकरी अजून कच्ची आहे, कमिटीने ठरवलं तर ती जाईल. मला वाईट वाटत नाही. वाटायला नको. त्या एक्केचाळीस आया सही करताना मला विचारत होत्या, "डॉक्टर साहब, अच्छी वाली दवाई मिलेगी ना?" आणि मी प्रत्येकीला सांगत होते की कोणती चांगली तेच तर शोधतो आहोत. मी त्यांच्याशी खोटं बोलले, आत्या. नकळत, पण खोटंच.

तू तिला शिकवलंस. तुला काही वाटलं होतं का तिच्याबद्दल?

तुझी,
अवंती

---

यवतमाळ,
१२ फेब्रुवारी २०२५

अवंते,

रोशनीला परत आण. तक्रार मागे घे.

तिला मी तीन आठवडे जवळून बघितलं आहे. वीस वर्षांत असा हात मला दुसरा दिसला नाही. पाटनजवळच्या खेड्यातून पहाटेची बस धरून येते आणि ड्यूटी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं वॉर्डात उभी असते. अशा मुलीला इंजेक्शनच्या खोलीत बसवून तू आयसीयूचंच नुकसान करते आहेस.

तिने केलं ते चूक, पण त्यात पाप नव्हतं. समोर नऊशे ग्रॅमचं बाळ असताना आकड्यांसाठी हात बांधून उभं राहणं सगळ्यांना जमत नाही. तू पडद्याच्या अलीकडे असतेस, तुला औषध माहीत नसतं. सिस्टरला माहीत असतं. तुमच्या कागदावर त्या बाईच्या जिवाचं काय होतं, याची ओळ कुठे होती?

इथे गॅस संपलाय, विपुल दौऱ्यावर आहे, मला लवकर संपवावं लागतंय.

तुझी आत्या

---

जबलपूर,
२१ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी ते दोनदा चुरगाळलं आणि दोनदा सरळ केलं.

तू नेहमी नर्सांची बाजू घेतेस. मी शिकाऊ होते तेव्हा सिस्टरच्या चुकीसाठी मला चार लोकांत रागावली होतीस, आठवतं? तेव्हा मी ऐकून घेतलं. आता नाही. नऊशे ग्रॅमच्या बाळाला कोणतं औषध सोसतं, हे तिला कुठून माहीत होतं? मला माहीत नाही, भय्यासाहेबांना माहीत नाही, पुस्तकांत एकमत नाही. ते माहीत नाही म्हणून तर पाकिटं होती! आणि दयेचं म्हणशील तर तिचा परिणाम ऐक. भय्यासाहेबांनी कमिटीच्या कागदावर लिहूनही टाकलं: केटामाइन असुरक्षित वाटतं, काम बंद करावं, पूर्वीची पद्धत चालू ठेवावी. मी त्यांना सांगितलं की आकडे बिघडलेले आहेत. ते म्हणाले, "मग तर अजूनच बंद करा. हे आपल्या लोकांच्या बस की बात नहीं." याचा अर्थ कळतो ना तुला? कुंडमच्या बाळांना काहीच नाही. परत डोकं धरा आणि घाला.

ज्या औषधाला तिने दुबळ्या बाळांसाठी म्हणून जपलं, त्याच औषधाला तिने बदनाम केलं. आता दुबळ्या बाळांना तेही मिळणार नाही.

आणखी एक सांगायचं आहे. पंधरातली नऊ रोशनीची. उरलेल्या सहांच्या तारखा मी रागाच्या भरात नीट बघितल्या नव्हत्या. काल बघितल्या. त्या एप्रिलच्या शेवटच्या आणि मेमधल्या आहेत. रोशनी लागली जूनच्या तीन तारखेला.

तेव्हाचं ड्यूटी रजिस्टर स्टोअरमध्ये गेलंय. मी मागवलं आहे, येईल आठवड्याभरात. तोवर तुला काही आठवत असेल तर लिही.

तुझी,
अवंती

---

यवतमाळ,
२७ फेब्रुवारी २०२५

अवंते,

रजिस्टर यायची वाट बघू नकोस. त्या सहाही वेळा मीच होते.

हे मी जानेवारीतच लिहायला हवं होतं. वजनं बघ एवढं सांगून मला वाटलं, पोरगी हुशार आहे, आकडे दुरुस्त करून घेईल आणि माझं नाव न निघता सगळं मार्गी लागेल. मग तू रोशनीचं लिहिलंस. तरी मी नुसती तिची वकिली केली. गॅस संपला नव्हता. मला पुढे लिहवत नव्हतं.

झालं ते असं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, पाचव्या पाकिटात फेंटानिल होतं. तू सुट्टीवर होतीस. नव्या डॉक्टरने घाईत ते भर्रकन ढकललं आणि बाळाची छाती लाकडासारखी कडक झाली. पिशवी दाबली तरी हवा आत जाईना. मिनिटभराने सुटली, बाळ वाचलं. तू आल्यावर सगळ्यांना सांगितलंस की औषध हळू द्यायचं, तीन मिनिटं घड्याळ बघून, मग असं होत नाही. मी मान हलवली. पण माझे हात घाबरले होते, त्यांना तुझं सांगणं पोचलं नाही.

चार दिवसांनी कुंडमकडची एक मुलगी आली, साडेआठशे ग्रॅम. बाप दाराशी चप्पल हातात घेऊन उभा. तू सिरिंज मागितलीस. मी पडद्यामागे पाकीट उचललं आणि शेजारी काविळीच्या बाळाचा निळा दिवा चालू होता, त्याच्यासमोर धरलं. मी काही ठरवून धरलं नाही, हे तू मानलंस तर बरं वाटेल. एकतीस वर्षं जे हातात आलं ते मी उजेडात धरलं आहे. आतली चिठ्ठी स्पष्ट दिसली. फेंटानिल. मी ते मागे ठेवलं आणि पुढचं घेतलं. त्या मुलीच्या कपाळावर आठी पडली नाही, नाडी पडली नाही. मला वाटलं, मी एक जीव वाचवला. नंतरच्या पाच वेळा मी ठरवूनच बघितलं.

जूनमध्ये रोशनी आली. तिला मी सगळं शिकवलं, बाळाची मान कशी धरायची, सुईसाठी शीर कुठे शोधायची. हेही शिकवलं. "जान नाजुक हो तो पहले उजाले में देख लेना." ते बेकायदेशीर आहे असं मी तिला सांगितलं नाही, कारण मला तसं वाटतच नव्हतं. तिला वाटलं हाही वॉर्डाचा नियम आहे. आणि ती तुझ्यासमोर अर्धा तास उभी राहून माझं नाव घेत नाही, नोकरी जाऊ देते, हे वाचून मी दोन दिवस जेवले नाही.

तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आहे, की ज्या औषधाला जपलं त्यालाच बदनाम केलं. ते तू तिच्याबद्दल लिहिलंस, पण पत्त्यावर नाव माझंच होतं. मी ज्यासाठी एकतीस वर्षं मनात कुढले, ते बंद होण्याची वेळ आली आणि मीच त्यात माती कालवली. मला वाटलं होतं मला चेहरे वाचता येतात म्हणजे मला सगळं कळतं.

सोबत कमिटीसाठी सही केलेला कबुलीजबाब आहे. हिंदीत आहे, तारखांसकट. बारा तारखेला ठेव. पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. आणखी एक बंद पाकीट रोशनीसाठी आहे. ते तिच्या हातात दे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, आणि तुझ्यावर आणखी ओझं नको.

आत्या

---

जबलपूर,
१४ एप्रिल २०२५

आत्या,

सहा आठवडे मी तुला लिहिलं नाही. मुद्दामच नाही लिहिलं.

तुझा कबुलीजबाब मी बारा मार्चला कमिटीसमोर वाचला. मधे माझा आवाज फाटला, तेव्हा भय्यासाहेबांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि उरलेला स्वतः वाचला. डोकी धरण्याबद्दल, चेहऱ्याबद्दल तू लिहिलेलं होतंस, तिथे ते थांबले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सुनेत्रा सिस्टर ने मेरे साथ तीन सौ बच्चों के सिर पकड़े होंगे. कभी बोली नहीं." त्यानंतर ते काम बंद करा म्हणाले नाहीत. चालू ठेवा असंही म्हणाले नाहीत, पण सही केली. भय्यासाहेबांकडून एवढं पुष्कळ झालं.

निर्णय असा. एक्केचाळीस बाळांचे सगळे आकडे रद्द. पहिल्यापासून, शून्यापासून सुरुवात. तुझी पेन्शन शाबूत आहे, तुझ्यावर फक्त ठपका नोंदवला. रोशनीवरची तक्रार मी मागे घेतली.

आता माझं ऐक. मी अजून रागावलेली आहे आणि तो राग मी लपवणार नाही. त्या एक्केचाळीस आयांच्या सह्या वाया गेल्या, त्यातल्या सात जणींची बाळं गेली. त्यांनी आपल्याला जे दिलं त्याचं आपण काही केलं नाही. वर्षभर कुंडमचे डॉक्टर फोनवर विचारतील आणि वर्षभर मी "अभी पक्का नहीं कह सकती" एवढंच सांगत राहीन. हे तुझ्यामुळे आहे, आणि तुझ्यावर माझा जीव आहे म्हणून ते कमी होत नाही. मीही काही साव नाही. रजिस्टर पूर्ण न बघता मी एका मुलीला रडवलं. ओपीडीत जाऊन तिला सॉरी म्हटलं तर ती म्हणाली, "अच्छा दीदी," आणि पुढच्या पेशंटला टोचायला वळली. परत आयसीयूत आली, पण महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलली नाही.

तुझी एक ओळ मात्र मी उचलली. कागदावर सिस्टरच्या जिवाची ओळ कुठे होती, असं तू विचारलं होतंस. नव्या पद्धतीत सिरिंज वॉर्डात भरत नाहीत. खाली फार्मसीत भरून येतात, नंबर लावून. पाकिटांत आतलं दिसू नये म्हणून काळा कार्बन-कागद आहे आणि पाकिटं तिथेच राहतात. आता डोकं धरणाऱ्या बाईला औषध माहीत नसतं. तिने फक्त चेहरा बघायचा आणि आठी पडली की नाही ते लिहायचं.

आज नवीन पहिलं बाळ झालं. पाटनच्या बाजूची मुलगी, आठशे ऐंशी ग्रॅम. डोकं रोशनीने धरलं. मी सिरिंज लावली आणि घड्याळ बघत औषध ढकलायला लागले. तीन मिनिटं किती लांब असतात, ते आज कळलं. कोणतं औषध होतं ते मला माहीत नाही, रोशनीला माहीत नाही. आम्ही दोघी सारख्याच घाबरलेल्या होतो. मग मी पातं घातलं, घसा दिसला, नळी गेली. वर बघितलं तर रोशनी बाळाच्या कपाळाकडे बघत होती. म्हणाली, "नहीं पड़ी, दीदी." आणि तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

आता शेवटचं, आणि हे लिहायची मला लाज वाटते. तू रोशनीसाठी पाठवलेलं पाकीट मी तिला दिलंच नव्हतं. रागाने माझ्या खणात टाकून ठेवलं होतं सहा आठवडे. आज ड्यूटी संपल्यावर ते काढून तिच्या हातात दिलं, सांगितलं, बडी सिस्टरचं आहे, उशीर माझ्यामुळे झाला.

तिने ते घेतलं, आणि काही विचार न करता उचलून ट्यूबलाइटसमोर धरलं.

धरल्यावर तिला कळलं. हात तसाच वर राहिला. ती माझ्याकडे बघून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही. मग तिने पाकीट खाली घेतलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाली, "दीदी, आप खोलो."

अवंती